व्हिसा कन्सल्टन्सी बरी आहे, पण 'सोशल मीडिया सफाई' पॅकेज घेऊ नका

पाचपैकी अडीच स्टार. दोन स्टार कागदपत्रं बघणाऱ्या मॅडमला आणि अर्धा चहाला. पोस्ट लांबणार आहे, मी मास्तर माणूस, एका वाक्यात काही सांगणं जमत नाही, म्हणून ज्यांना नुस्तं घ्यावं का नाही एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो: फॉर्म भरून घ्यायला आणि मॉक (म्हणजे सरावाच्या) इंटरव्ह्यूला खुशाल जा, पण व्हिसासाठी पोराच्या जुन्या पोस्ट उडवून देणाऱ्या सफाईच्या पॅकेजला एक रुपया देऊ नका.

दुकानाचं नाव लिहीत नाही. संभाजीनगरात उस्मानपुऱ्यापासून कॅनॉटपर्यंत असली ऑफिसं झालीत आणि मी चार ठिकाणी विचारपूस केली तर सगळीकडं बोलणं तेच. ताईच्या पोराला, म्हणजे माझ्या भाच्याला, इंजिनिअरिंग झाल्यावर एमएसला अमेरिकेत जायचं होतं. दाजींना बँकेतून सुट्टी मिळंना, ताई म्हणली तू शिकवतोस, तुला चार प्रश्न विचारता येतेत, तूच जा त्याच्यासंगं. मग परभणीवरून मी निघालो. (परभणीत पण एक-दोन एजंट आहेत, पण ते पासपोर्टपलीकडं जात नाहीत.)

बोर्डावर लिहिलेलं असतंय 'काउन्सेलिंग मोफत'. मोफत कसं काय, तर तुमचा पोरगा ज्या विद्यापीठात लागतो तिथून ह्यांना कमिशन येतं, म्हणून ह्यांची यादी म्हणजे कमिशन देणाऱ्यांची यादी. भाच्यानं स्वतः शोधून ठेवलेलं एक सरकारी विद्यापीठ त्या यादीत नव्हतं तर त्याबद्दल लगेच "तिकडं थंडी लै असते" सुरू झालं. यादीतल्या विद्यापीठाला काय ऊन पडतंय का, ते पण तिकडंच बर्फात आहे. आम्ही आमचंच धरून बसलो, त्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

कागदपत्रांच्या मॅडम मात्र एक नंबर. आपल्याकडं पासपोर्टवर वडलांचं नाव मुलाच्या नावाला जोडलेलं असतंय, आय-२० वर (विद्यापीठ व्हिसासाठी देतंय तो कागद) ते वेगळं येतंय, बँकेच्या पत्रात तिसरंच. मॅडमनी एकेक अक्षर जुळवलं, विद्यापीठाला मेल टाकून आय-२० दुरुस्त करून घेतलं, शेतीच्या सातबाऱ्याचा इथं काही उपयोग नाही आणि एज्युकेशन लोनचं मंजुरीपत्र का महत्त्वाचं ते ताईला फोनवर मराठीत समजावून सांगितलं. व्हिसाची फी १८५ डॉलर आणि सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) ३५० डॉलर, हे दोन्ही पैसे अमेरिकन सरकारला जातेत, व्हिसा नाकारला तरी परत येत नाहीत, हे पण त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. बाकी ठिकाणी हे सगळं एकाच गठ्ठ्यात 'प्रोसेसिंग' म्हणून सांगतेत. मॉक इंटरव्ह्यू ठीक होता, पाठ केलेली उत्तरं पोपटासारखी म्हणायला लावतेत, पण पोराची भीड मोडली.

आता मुद्द्यावर.

२०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेनं विद्यार्थ्यांच्या इंटरव्ह्यूच्या नव्या तारखा देणं अचानक थांबवलं. ऐन ऑगस्टच्या अ‍ॅडमिशनचा टाइम, सगळ्यांचा जीव टांगणीला. १८ जूनला परत सुरू केलं तेव्हा नवा नियम आला की विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यानं आपली सगळी सोशल मीडिया अकाउंटं पब्लिक करायची, कोणालाही दिसतील अशी, आणि ऑफिसर ती तपासणार. तसं डीएस-१६० ह्या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतल्या अकाउंटची नावं २०१९ पासूनच लिहावी लागतेत, पण आता कुलूप काढून घर दाखवायचं. ह्या नियमानंतर पंधरा दिवसांत आमच्या कन्सल्टन्सीचं नवं पॅकेज तयार! रंगीत माहितीपत्रक, त्यावर झाडू मारणारा कार्टून माणूस. धंद्याचं डोकं मानलं पाहिजे.

पॅकेजमध्ये एक सर पोराच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसतेत आणि खाली खाली सरकत काय उडवायचं ते सांगतेत. ट्रम्पवरचं मीम उडवा. ठीक आहे. गाझातल्या लेकरांचा एक फोटो शेअर केला होता, उडवा. मग म्हणले ट्रम्पचं कौतुक केलेलं असेल तर ते पण उडवा, उद्या सरकार बदललं तर. मी तिथं हसलो, सर हसले नाहीत. मग आली १४ एप्रिलची पोस्ट. बाबासाहेबांचा फोटो, खाली पोरानं लिहिलेलं की १९१३ ला हे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, आता आपला नंबर. सर म्हणले हे पण काढून टाकू.

"सर, ह्यात काय वाईट आहे?"

"वाईट काहीच नाही हो काका, पण पॉलिटिकल वाटू शकतंय ना. ऑफिसरला कुठं माहीत असतंय."

मी म्हणलं ऑफिसरला माहीत नसेल तर त्यांच्याच कोलंबियाच्या लायब्ररीत बाबासाहेबांचा पुतळा आहे, जाऊन बघून या म्हणावं. ज्या गावात त्यांनी १९५० ला मिलिंद कॉलेज काढलं, ज्या गावातल्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळायला १९७८ च्या ठरावापासून १९९४ उजाडलं आणि मधल्या काळात आमच्याच मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली, त्या गावात बसून मी हे ऐकायलोय, आणि कशासाठी, तर शिकायला जायचंय म्हणून. पोरगा गप्प बसलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बटण दाबलं. त्याला मी काय बोलणार, कर्ज त्याच्या बापाच्या नावावर आहे.

राग खरा त्या सरांवर नाही माझा. त्यांनी भीती तयार केली नाही, विकली. तयार करणारे वर बसलेत, आणि त्यांचं ढोंग बघून डोकं फिरतंय.

मी आठवी-नववीच्या पोरांना मूलभूत हक्क शिकवतो. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचं नाव निघतंच, सरकारनं बोलण्यावर गदा आणायची नाही, १७९१ पासून. आपण पण भारावून सांगतो. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी शपथ घेतली त्याच दिवशी आदेश काढला, भाषणस्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित करायचा. फेब्रुवारीत त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स म्युनिकला जाऊन युरोपवाल्यांना झापून आले की तुम्ही लोकांची तोंडं बंद करायलेत. आणि मार्चमध्ये? टफ्ट्स विद्यापीठात पीएचडी करणारी रुमेसा ओझतुर्क नावाची तुर्की मुलगी, तिला तोंड झाकलेल्या माणसांनी भर रस्त्यात धरलं आणि लुइझियानाला नेऊन सहा आठवडे डांबलं. तिनं केलेलं काय, तर विद्यार्थ्यांच्या पेपरात इतरांसोबत गाझाच्या प्रश्नावर एक लेख लिहिला होता, तो पण वर्षभरापूर्वी. शेवटी कोर्टानं सोडायला लावलं. त्याच मार्चमध्ये कोलंबियातल्या एका भारतीय मुलीचा व्हिसा रद्द झाला, ती कॅनडाला निघून गेली. बाबासाहेबांचंच कोलंबिया बरं का.

आणि हे एकाच बाजूचं आहे असं समजू नका, आमच्या स्टाफरूममध्ये दोन्ही पार्ट्यांचे भक्त आहेत म्हणून सांगतो. मार्च २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लॉ कॉलेजात एक न्यायाधीश बोलायला आले, विचार पटत नव्हते म्हणून पोरांनी आरडाओरडा करून त्यांना बोलूच दिलं नाही. लॉ ची पोरं! वकील होणार उद्या, समोरच्या पार्टीचं ऐकून घ्यायचा पगार मिळणार त्यांना. तेव्हा ट्रम्पवाले बोंबलत होते की बघा, एक वाक्य चुकलं की माणसाची नोकरी घालवतेत, काय ही असहिष्णुता. बरोबरच होतं त्यांचं. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पच्या बाजूचे कार्यकर्ते चार्ली कर्क ह्यांची युटातल्या विद्यापीठात गोळी घालून हत्या झाली, वाईटच झालं, कोणाचीही अशी हत्या होऊ नये, पण त्यानंतर त्याच लोकांनी काय केलं, तर स्वतः व्हान्सनी सांगितलं की जे कोणी ह्यावर आनंद व्यक्त करतेत त्यांच्या मालकांना फोन लावा. जिमी किमेल नावाचा टीव्हीवरचा कार्यक्रमवाला त्यावर काहीतरी बोलला, टीव्ही-रेडिओवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या अध्यक्षानं चॅनलवाल्यांना दम भरला आणि त्याचा शो काही दिवस बंद. ऑक्टोबरमध्ये कर्कबद्दल लिहिलं म्हणून सहा परदेशी लोकांचे व्हिसा काढून घेतले. म्हणजे तत्त्व बित्त्व काही नाही, काठी कोणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न.

आमचे एक लांबचे नातेवाईक टेक्सासात आहेत, नाव कशाला घेऊ. गावाकडं आले की आम्हाला ऐकवणार, तिकडं जात नाही, तिकडं फक्त मेरिट. २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच बिल पास केलं, तर ह्यांचा जळफळाट, ग्रुपवर रोज दहा फॉरवर्ड, आमची बदनामी म्हणून. गव्हर्नर न्यूसमनी ऑक्टोबरमध्ये ते बिल अडवलं तर ह्यांनी पेढ्याचा इमोजी टाकला. जात नाही तर जातीविरुद्धच्या कायद्याचा एवढा त्रास कशाला व्हावा, हे मी विचारलं, उत्तर नाही, निळी टिक फक्त. ट्रम्प बेकायदा घुसलेल्यांना हाकलायलेत म्हणून पण हे खूश होते. मग टेक्सासातल्या शुगर लँडमधल्या नव्वद फुटी हनुमानाच्या मूर्तीवर तिथल्याच एका रिपब्लिकन उमेदवारानं लिहिलं की खोट्या देवाची खोटी मूर्ती इथं कशाला, आणि त्याच सप्टेंबरात नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जाला एक लाख डॉलर फी लावली, तेव्हा कुठं ह्यांना असहिष्णुता दिसली. दुसऱ्याच्या दारात पोलीस आले तेव्हा कायद्याचं राज्य, आपल्या दारात आले की अन्याय. हे तर आपल्याकडंच शिकून गेलेत, त्यात अमेरिकेचा दोष नाही म्हणा.

हो, मला माहितीय खाली कमेंट येणार, "आपल्याकडं काय वेगळं आहे मास्तर". नाही वेगळं. आपल्याकडं पण स्टेटस ठेवलं म्हणून पोरं पोलीस ठाण्यात बसतेत. फक्त आपण जगाला प्रगतिपुस्तक वाटत फिरत नाही. तिकडचं सरकार दरवर्षी दुसऱ्या देशांच्या धार्मिक स्वातंत्र्याचे अहवाल काढतंय.

तर पॅकेज. त्यातला सगळ्यात धोकादायक भाग उडवाउडवीचा नाहीच. त्या सरांनी भाच्याला सांगितलं की तुझं दुसरं अकाउंट, मित्रांच्यातलं, टोपणनावाचं, ते फॉर्ममध्ये लिहूच नको, कोणाला कळतंय. हे ऐकून मी मोबाईल काढला, तर भारतातल्या अमेरिकन दूतावासानंच जूनमध्ये जाहीर केलेलं की अकाउंटची माहिती लपवली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढच्या व्हिसाला पण अडचण येऊ शकते. फॉर्मवर सही पोराची, खोटं ठरणार पोरगा, कन्सल्टन्सी नामानिराळी. मी भांडलो, मोठ्यानं भांडलो, बाहेर बसलेले दोन पालक आत बघायलेत. शेवटी कागदपत्रांच्या मॅडम आल्या आणि त्यांनीच दोन्ही अकाउंटं फॉर्ममध्ये टाकली. ह्या बाईंचा पगार वाढवा कोणीतरी.

इंटरव्ह्यू मुंबईला बीकेसीत. आत मोबाईल चालत नाही, बॅग चालत नाही, मी बाहेर फूटपाथवर दोघांचं सामान धरून उभा. ऑफिसरनं विचारलं काय, हेच विद्यापीठ का आणि पैसे कोण देणार. संपलं. पोस्टबिस्ट काही नाही. तपासणी मागं झाली असेल नसेल, पण समोर एक शब्द नाही. व्हिसा मिळाला, पोरगा गेला, अभ्यास चांगला चाललाय. फक्त तो आता फॅमिली ग्रुपवर कशाला साधा अंगठा पण देत नाही. ताईनं पोळ्याला बैलांचा फोटो टाकून त्याला टॅग केलं तर रात्री फोन, "आई, टॅग करत जाऊ नको ना." बैलाच्या फोटोत काय राजकारण आहे, ताई मला विचारती, आणि मी नागरिकशास्त्राचा मास्तर, मला सांगता येईना.

सफाईचे पैसे परत मागितले होते. 'सर्व्हिस देण्यात आलेली आहे' असा मेसेज आला, नंतर फोन उचलत नाहीत. डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोर (त्यांच्या नवरा-बायको-लेकरांचा व्हिसा) वाल्यांना पण अकाउंट पब्लिक करायचा नियम लागू झालाय, त्यामुळं पॅकेज आता नवरा-बायकोसाठी जोडीत पण मिळायलंय म्हणे. जाणाऱ्यांनी सगळी अकाउंटं खरी खरी लिहा, पब्लिक ठेवा, आणि कागदपत्रांच्या मॅडमलाच भेटायचंय असं रिसेप्शनवर आधी सांगा, नाहीतर ते आपलं सरांकडं पाठवतेत.