लकडगंजातल्या टालीवरचं ओलं धामण लाकूड, चार स्टार

नागपूरच्या लकडगंजमध्ये टाली (लाकडाच्या वखारी) आणि आरामशीनी ढिगानं आहेत पण सगळं गिऱ्हाईक सागवानाचं, चौकटी नाहीतर पलंग. धनुष्यासाठी लाकूड पाहिजे म्हटलं की दोन ठिकाणी सरळ नाही म्हणाले, आणि तिसऱ्या ठिकाणी एकदम सुकलेला माल आहे सांगून जी फळी दिली तिला घरी आणून ओल मोजायच्या मीटरच्या पिना टोचल्या तर 24 टक्के ओल! धनुष्याला 8 ते 10 लागते. ओलं लाकूड वाकवलं की ते वाकलेलंच राहतं, मग बाणाला जोर कुठून येणार. म्हणून या चौथ्या टालीबद्दल मुद्दाम लिहून राहिलो, इथं पहिल्यांदा कोणी खरं सांगितलं.

नोव्हेंबरात गेलो होतो. टालीवाले काका म्हणाले, "भाऊ, हे कालच उतरलं, पुरं ओलं आहे, फर्निचरवाल्याले मी देत नाही, पण तुम्हाले स्वतः सुकवाचं असन तर घेऊन जा." धामण. कुऱ्हाडीचे दांडे, कावडी या झाडाच्या लाकडाच्याच करतात कारण लचकतं पण लवकर मोडत नाही. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी ओंडक्याची दोन्ही टोकं ताजी कापून फेविकॉलचे दोन जाड हात मारले, आणि तिथंच मला कळलं की माणसाला लाकूड कळतं. पाणी टोकाकडून बाजूपेक्षा 10-15 पट जोरात उडतं, टोक आकसतं, आतलं अजून फुगलेलंच असतं, मग चीर पडते ती आत चालत जाते. हे काम कापल्या कापल्या व्हायला पाहिजे, दोन दिवसांनी फेविकॉल लावून फारसा फायदा नाही.

मग मिस्त्रीनं ओंडका मशीनवर न टाकता पाचरा ठोकून उभा फाडला. आधी बारीक करकर, मग काहीच नाही, आणि मग एकदम फाटत जातं, धागे कुठं वळलेत ते डोळ्यासमोर उघडं पडतं. धनुष्याच्या पाठीवरचे (ओढणाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे) धागे टोकापासून टोकापर्यंत सलग पाहिजेत, मशीन त्यांना आडवंतिरपं कापून टाकते. माझी तक्रार इथंच आहे, दुसरी फाळी त्यांच्या पोऱ्यानं घाईत मशीनवर घातली, धाग्यांच्या रेषा मधातच कापून बाहेर निघाल्या, ती धनुष्याच्या कामाची राहिली नाही आणि बदलूनही दिली नाही. एक स्टार त्याचा कमी. उरलेल्या अर्ध्या ओंडक्याच्या दोन फाळ्या पाचरांनीच काढून घेतल्या, समोर उभं राहून. 900 रुपये झाले, पक्की पावती मिळाली, वनखात्याच्या वाहतूक पासची कॉपीही मागितल्यावर दिली.

घरी आणल्यावर एका फाळीची साल काढली, नाहीतर सालीखाली किडा लागतो आणि पिवळा भुसा पडायला लागतो. मग वाकसानं धनुष्याचा ढोबळ आकार दिला, साधारण दोन इंच रुंद, दीड इंच जाड. जाड लाकूड हवेवर सुकायला इंचाला एक वर्ष धरतात, आकार दिला की तेवढं थांबावं लागत नाही. साल काढलेल्या पाठीलाही फेविकॉल लावला आणि जिन्याखाली सावलीत दोन विटांवर ठेवलं. बॅग तोलायच्या टांगत्या काट्यावर दर रविवारी वजन: पहिल्या दिवशी 3.4 किलो, संक्रांतीला 2.7, होळीला 2.4, आणि नंतर तीन आठवडे 2.4 च. काटा हलायचा थांबला म्हणजे घरातल्या हवेनं जेवढी ओल काढायची तेवढी काढली. मीटर 10 दाखवते.

पाचरांनी काढलेली दुसरी फाळी लवकर सुकावी म्हणून फेब्रुवारीत गच्चीवर नेली ही माझी चूक, आठ दिवसात पोटाला (ओढणाऱ्याकडच्या बाजूला) बोटभर लांब चीर. आपल्याकडचं ऊन लाकडाला फार कडक पडतं, मे महिन्यात तर बघायलाच नको. कूलरच्या खोलीतही ठेवू नका, रात्री ओलं आणि दिवसा कोरडं असं रोज होत राहतं.

घ्यायचं असेल तर दिवाळीनंतर जा, पावसाळ्यातलं आणू नका, सावलीत पडून बुरशी धरते. काकांना फोनवरच सांगा की मशीन नको, पाचरांनी फाडून पाहिजे, आणि फाडताना स्वतः तिथं उभे राहा. पहिल्या फाळीचं टिलरिंग (दोन्ही पाती म्हणजे धनुष्याचे दोन हात सारखे वाकावे म्हणून थोडं थोडं तासणं) आता चालू आहे, 20 इंचापर्यंत ओढली, दोन्ही पाती सारखी वाकतात, सोडल्यावर वाकलेली राहत नाहीत.