नवजात आयसीयू परीक्षेचं प्रश्नसंच-ॲप, सहा महिन्यांनंतर: अ‍ॅड्रेनलिनचं उत्तर अजून चुकीचंच

सबस्क्रिप्शन संपलं त्या दिवशी न विचारता पुढच्या सहा महिन्यांचे पैसे कापले गेले, तेही डॉलरमध्ये, बँकेचा चार्ज वेगळा. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आरएनसी-एनआयसी, म्हणजे नवजात आयसीयूतल्या नर्सेसची अमेरिकन प्रमाणपत्र परीक्षा; तिचे १७५ प्रश्न तीन तासांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभर. ॲपचा टायमर त्याच हिशेबाचा आहे. ती सोय उत्तम.

खरी तक्रार अ‍ॅड्रेनलिनची. बाळाच्या हृदयाचे ठोके फारच मंदावलेले राहिले की देतात ते हे औषध. १ किलोचं बाळ, नाळेच्या शिरेत कॅथेटर (बारीक नळी), डोसनंतर फ्लश, म्हणजे औषध पुढे ढकलायला सलाइन, किती? ॲपचं उत्तर अर्धा ते १ मिली. एनआरपी, म्हणजे नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचा अमेरिकन अभ्यासक्रम; त्याच्या २०२१ च्या आठव्या आवृत्तीत ते ३ मिली नॉर्मल सलाइन झालं, बाळाचं वजन कितीही असो. कारण साधं आहे. ०.०२ मिग्रॅ प्रतिकिलोने या बाळाचा डोस होतो ०.१ मिग्रॅ प्रति मिलीच्या द्रावणाचा ०.२ मिली. एवढंसं औषध नळीतच अडकून राहतं, हृदयापर्यंत पोचतच नाही. तीनदा मेल केला, तिन्ही वेळा तेच उत्तर: 'अभिप्राय नोंदवला आहे.' प्रश्न आजही तसाच.

शिवाय ॲप ०.१ मिग्रॅ प्रति मिलीची तयार सिरिंज गृहीत धरतं. नागपुरात आपल्या ट्रेमध्ये असते १ मिग्रॅची, १ मिलीची अँप्यूल. ती १० मिलीच्या सिरिंजमध्ये ओढायची, ९ मिली सलाइन घालायचं, लेबल लावायचं, मग १ मिलीच्या सिरिंजमध्ये ०.२ घ्यायचं. ही पायरी सुटली तर बाळाला दहापट डोस जातो. परीक्षेत हे विचारणार नाहीत, पण हात याच गणितावर तयार होतो. श्वासनलिकेतला डोस, म्हणजे याच द्रावणाचा १ मिली प्रतिकिलो, ॲपने शिरेतल्या डोसच्याच रकान्यात कोंबलाय. नाइट करून आल्यावर वाचलं की हमखास घोळ होतो.

दोन महिन्यांपर्यंत एकच तारा दिला असता. ब्लड गॅसच्या (रक्तातले वायू आणि आम्लता) विभागाने मत बदललं. पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड ६२, बायकार्ब २४, व्हेंटिलेटरवरचं बाळ अचानक खालावलं. सेटिंग वाढवायचं उत्तर निवडलं की ॲप थांबवतं: आधी ट्यूब सरकली का, स्रावाने बंद झाली का, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साठणं) आहे का, मशीन ठीक आहे का ते बघा. चुकलेला प्रत्येक पर्याय का चुकला, तेही सांगतं. इतकं नीट समजावलेलं मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

तापमानाचे प्रश्न मात्र सगळे थंडीचे. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन इनक्युबेटरवर पडलं तर आत बाळ तापतं, यावर एकही प्रश्न नाही.

घ्यायचं असेल तर तीन महिन्यांचंच घ्या, आणि ऑटो-रिन्यूअल त्याच दिवशी फोनच्या स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन बंद करा. नुसतं ॲप काढून टाकलं तर पैसे कापले जातातच.