मालवणचा मेस्त्री, बोटीची थरथर आणि माझे फुकट गेलेले एकोणीस हजार

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण तीन महिने डोकं खाल्लंय या थरथरीने.

बोट माझी सेकंडहँड, एकवीस फुटी, ४.३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन आणि मागे मर्क्रूझरचा अल्फा वन ड्राइव्ह. म्हणजे इंजिन आत आणि पंखा (प्रोपेलर) फिरवणारा पाय, म्हणजेच ड्राइव्ह, बाहेर. आपल्याकडे देवबाग-तारकर्लीत सगळी आउटबोर्डची (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनांची) जत्रा, त्यामुळे असली बोट बघितली की मेकॅनिक आधी डोकं खाजवतो आणि मग "पार्ट मुंबईवरून मागवायला लागेल" म्हणतो. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती, सप्टेंबरात कर्लीच्या खाडीत उतरवली आणि २२०० आरपीएमच्या पुढे गेलं की डॅशवरची चाव्यांची जुडी नाचायला लागली. सीटखाली असं वाटायचं की कुणीतरी जातं फिरवतंय.

आता संगमाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर मे महिन्यात मी एकदा ड्राइव्ह घासला होता, त्यामुळे संशय सरळ पंख्यावर. एका ठिकाणी (नाव घेत नाही, लांबचे आहेत आणि तोंडओळख आहे) दाखवलं तर त्यांनी पंख्याच्या पातीवरचा उडालेला टवका बघितला आणि दोन मिनिटांत नवीन पंखा गळ्यात मारला. एकोणीस हजार. पाण्यात घातली, थरथर जशीच्या तशी. परत फोन केला तर म्हणे इंजिनचं माउंटिंग (ज्यावर इंजिन बसवलेलं असतं ते) बघायला लागेल, तेही बदलूया. मी म्हटलं थांबा जरा.

मग शेजारच्या रापणवाल्या काकांनी मालवणच्या या मेस्त्रींचं सांगितलं. वर्कशॉप म्हणजे काय, पत्र्याची शेड, बाहेर दोन जुनी आउटबोर्ड उलटी टांगलेली आणि एक मांजर. बोट ट्रेलरवरून नेली. मला वाटलं आता पाना घेऊन भिडतील, तर माणूस अर्धा तास नुसते प्रश्नच विचारत बसला. वळताना वाढता की सरळ जाताना? ड्राइव्ह ट्रिम करून वर घेतल्यावर काय होता? न्यूट्रलमध्ये रेस दिलास तर? मी म्हटलं वळताना नक्की वाढते, बाकी लक्ष दिलं नाही. तर म्हणाले, "लक्ष नाय दिलास म्हणान तर पैशे गेले."

पहिलं काम काय केलं, तर माझा तो एकोणीस हजाराचा पंखा काढून बाजूला ठेवला. पंख्यामागे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलाय का बघितलं, कारण तो सील कापतो आणि मग गिअर ऑइल दुधासारखं होतं. ऑइल स्वच्छ निघालं. मग पंख्याच्या शाफ्टच्या टोकाजवळ एक तार धरली आणि हाताने शाफ्ट फिरवला, तार आणि शाफ्टमधली फट कुठे कमी-जास्त होत नव्हती. म्हणजे शाफ्ट वाकलेला नाही. मग पाणी ओढायच्या जाळीवर दोन रबरी वाट्या लावून नळ जोडला, इंजिन चालू केलं न्यूट्रलमध्ये, आणि मला म्हणाले स्टिअरिंग सावकाश फिरव.

सरळ असताना बारीक घुरघुर. डावीकडे पूर्ण वळवल्यावर असा आवाज की मांजर उठून गेलं.

"आयकलंस? पंखो खाली पडलो हा आणि आवाज चालूच आसा. ह्या दुखणा पंख्याचा नाय." मुद्दा एवढाच, की न्यूट्रलमध्ये पंखा थांबलेला असतो पण इंजिनपासून ड्राइव्हमध्ये जाणारा शाफ्ट आणि त्यावरचे क्रॉस फिरतच असतात. हे क्रॉस म्हणजे ट्रकखाली शाफ्टला असतात तसलेच, वळलं किंवा ट्रिम वर घेतली की त्यांचा कोन वाढतो आणि झिजलेले असले की बोंबलतात. ही साधी गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर!

सहा नट सोडून ड्राइव्ह मागे ओढला तर शाफ्टला पाणी लागू नये म्हणून असलेल्या रबराच्या घड्यांच्या नळीतून, म्हणजे बेलोमधून, चहाच्या रंगाचं पाणी सांडलं. खालच्या घडीत बोटाएवढी चीर. खारं पाणी आत जाऊन शाफ्टला आधार देणारं गिंबल बेअरिंग गंजलेलं, आणि एका क्रॉसच्या टोपीतले सुईसारखे रोलर म्हणजे नुसता लाल भुगा. तो भुगा त्यांनी कागदात बांधून माझ्या हातात दिला, पुरावा म्हणून.

बेअरिंग, दोन्ही क्रॉस, बेलो सगळं नवीन. पण मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. एक लांब लोखंडी बार बेअरिंगमधून इंजिनच्या कपलरमध्ये (शाफ्ट जिथे इंजिनला जोडतो तिथे) घालून बघितला. "ह्यो दोन बोटांनी आत जावक व्हयो. हातोडी लागली तर समजाचा, इंजिन वाकडा बसला हा." अडकला. पुढच्या माउंटिंगचे नट थोडे फिरवायचे, बार घालायचा, काढायचा, टोकावरच्या ग्रीसवर खाचा सगळीकडून सारख्या उठल्यात का बघायचं, परत नट. दीड तास हेच. माउंटिंग बदलायची गरजच नव्हती, नुसतं सेट करायचं होतं.

आता तक्रारी. दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले, त्यातले पाच पार्ट यायला गेले पण बाकीचे चार कुठे गेले ते देव जाणे. फोन उचलत नाहीत. बिल वहीच्या पानावर, जीएसटीचं नाव काढलं की ऐकू येत नाही. आणि शिफ्ट केबलचा (गिअर टाकायच्या केबलचा) बेलो पण त्याच वयाचा होता, तो लगेहाथ बदलायला हवा होता, मीच विचारल्यावर "तो पुढच्या टायमाक" म्हणाले. मला नाही पटलं, परत ड्राइव्ह काढायचा म्हणजे परत मजुरी.

मजुरी साडेसहा हजार, पार्टचे वेगळे. परवा ३५०० आरपीएमला सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत जाऊन आलो, चाव्या जागच्या जागी. पाचपैकी चार स्टार, एक त्या चार दिवसांचा कापला. जायचं असेल तर सकाळी आठच्या आत जा, नंतर ते बंदरावर लिलाव बघत उभे असतात आणि तिथे कामाचं बोललेलं त्यांना चालत नाही.

आणि हो, तो नवीन पंखा विकायचाय.