थिसिसवाल्यांचं 'एक्झामिनर पॅनेल' पॅकेज: 2 स्टार, ते पण बायंडिंगचे

कोल्हापुरातलंच सेंटर आहे, नाव लिहीत नाही. माझ्या पीएचडी थिसिसचं टायपिंग, फॉरमॅटिंग, बायंडिंग एकदम झकास, काना-मात्रा कुठं हलली नाही. माझं भांडण वरच्या 3 हजारांचं. 'एक्स्टर्नल एक्झामिनर पॅनेल सपोर्ट', म्हणजे थिसिस तपासायला बाहेरच्या परीक्षकांची नावं काढून द्यायचे म्हणून घेतले, आणि सबमिशनच्या टेन्शनमध्ये माणूस कशालाही हो म्हणतो, मी पण म्हटलं.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक्सेल आली, 12 नावं. माझा विषय शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनी आणि यादीतले पहिलेच साहेब सिव्हिलचे, बिल्डिंगच्या पायाखालची माती तपासणारे! म्हणजे 'सॉइल' टाकून सर्च मारला आणि जे आलं ते चिकटवलं. एक मॅडम कधीच्या रिटायर, ईमेल जुन्या कॉलेजचा. सातव्या नंबरचे सर तर आमच्या गाईडबरोबर पेपर लिहिलेले, तो पेपर माझ्याच रेफरन्समध्ये हाय की! म्हणजे घरचाच माणूस परीक्षक! गाईड सरांना यादी दाखवली, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सातव्या नावावर बोट ठेवलं आणि नुसतं बघितलं माझ्याकडं. बास.

मुळात हे काम आपलं नव्हंच. नावं गाईड सुचवतात, निवड युनिव्हर्सिटी करते, आपण कुणाला फोनबिन करायचा नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमानं गाईड सोडून किमान 2 बाहेरचे लागतात, जमलं तर त्यातला एक परदेशातला. एकानं नाकारला तर थिसिस पॅनेलमधल्या दुसऱ्या कुणाकडं जातो, त्यानं पण नाही म्हटलं तर खेळ खलास. आणि सबमिशनपासून व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या निकालापर्यंत सगळं 6 महिन्यांत उरकायचं, त्यामुळं रिपोर्ट दाबून बसणारा कितीही मोठा असला तरी काय करायचाय?

सरांनी फुकटात काय केलं, तर म्हणाले तुझीच रेफरन्स लिस्ट काढ, ज्यांची पद्धत खरंच वापरलीस त्यांच्यापुढं टिक मार, बाकी माझ्यावर सोड. दहा मिनिटं लागली. कर्नालला केंद्राची क्षारपड जमिनींवरची संशोधन संस्था आहे, तिथली कामं मी पानोपानी वापरलीत, आणि त्या 12 जणांत तिथला एक नाही! शेवटी कोण ठरलं ते सरांनी मला सांगितलं नाही, ते बरोबरच.

आधी वाटायचं मवाळ एक्झामिनर मिळू दे. व्हायव्हाला आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, सॅम्पल पावसाच्या आधीचे का नंतरचे? पुढचा अर्धा तास त्याच्यावरच, घाम फुटला, पण कुणीतरी माझा थिसिस पानं उलटून वाचलाय हे बघून लई भारी वाटलं. पायावाल्या साहेबांनी हे विचारलं असतं व्हय?

परवा 3 हजार परत मागायला गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, "सर, पुढच्या वेळी डिस्काउंट देतो की." पुढच्या वेळी म्हणजे? दुसरी पीएचडी करू होय?