डीटीएस: काचेला पैकीच्या पैकी, कनेक्टरला शून्य

डीटीएस, म्हणजे ऑप्टिकल फायबरने सलग तापमान मोजणारी यंत्रणा, आमच्या पॉवर केबलच्या ट्रेंचमध्ये सात-आठ महिने चालू आहे. एक मीटर रिझोल्यूशन, दोन चॅनल, मल्टिमोड फायबर. बाकी आकडे माहितीपत्रकात आहेत. जे माहितीपत्रकात नाही तेवढंच इथे लिहितोय, आणि त्यातलं निम्मं कनेक्टरबद्दल आहे. वैताग समजून घ्या.

आधी चांगलं. पूर्वी ट्रेंचमध्ये पीटी-100, म्हणजे प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजणारे सेन्सर, होते. प्रत्येक सेन्सरची वेगळी वायर, प्रत्येक वायरवर शेजारच्या पॉवर केबलचं इंडक्शन आणि लोड वाढला की नाचणारे आकडे. फायबरमध्ये वीजच नाही, त्यामुळे तो सगळा त्रास एका फटक्यात गेला. ट्रेंचमध्ये टाकलेल्या केबलला आजवर हातही लावावा लागलेला नाही. लेझरचा पल्स आत जातो आणि काचेतून थोडा प्रकाश विखरून मागे येतो. 1928 साली सी. व्ही. रामन यांनी दाखवलेला परिणाम तो हाच. आमच्या मशिनचा लेझर 1064 नॅनोमीटरचा आहे, तर परत येणारे रामन पट्टे साधारण 1016 आणि 1116 च्या आसपास. यातला 1016 वाला, म्हणजे अँटी-स्टोक्स, तापमानाबरोबर चांगलाच कमीजास्त होतो; दुसरा फारसा हलत नाही. दोघांच्या गुणोत्तरावरून तापमान कळतं आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून जागा. एक मीटर जाऊन यायला 10 नॅनोसेकंद.

आता कनेक्टर. एके दिवशी स्क्रीनवर पॅच पॅनलच्या (मशिनकडचं आणि ट्रेंचमधलं फायबर कनेक्टरने जोडणारी पेटी) पुढची अख्खी लाइन सहा अंशांनी थंड दिसायला लागली. नेमकी पॅनलच्या मीटरपासून, कात्रीने कापल्यासारखी पायरी. अख्खी ट्रेंच एका जागेपासून एकदम गार पडत नाही, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. सर्व्हिसला फोन केला तर उत्तर, "फायबर तुटलंय, केबल बदला." फायबर तुटलं असतं तर पुढे तापमानच दिसलं नसतं, पलीकडे नुसता गोंगाट आला असता. हे त्यांनाच समजावत बसलो.

खरं कारण पॅनलमधल्या जोडावरची धूळ. फायबरचा गाभा 50 मायक्रॉनचा. त्यावर बसलेला कण दोन्ही पट्ट्यांचा प्रकाश सारखाच अडवेल असं नाही. गुणोत्तर जरा सरकलं की मशिन त्याला तापमान समजतं. तपासणीच्या मायक्रोस्कोपखाली टोक धरलं तर मधोमध करडा डाग आणि बाजूला वाळलेल्या अल्कोहोलचं वर्तुळ. कोणीतरी पुसलं होतं, पण ओलं पुसून कोरडं न करता. क्लीनिंग पेनच्या दोन क्लिकमध्ये पायरी गेली. एवढ्यासाठी आख्खी केबल बदला म्हणे!

पुढचा अंक त्याहून भारी. त्यांचा माणूस व्हिजिटला आला आणि स्वतःच्या बॅगेतला पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा, मशिनच्या पोर्टमध्ये घातला. पोर्ट एपीसी, म्हणजे टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं. त्याचा पॅचकॉर्ड सरळ टोकाचा. मध्ये हवेची फट राहिली, तिथून भरपूर प्रकाश उलटा फिरला आणि सुरुवातीच्या मीटरांमध्ये डिटेक्टर आंधळा. वर पोर्टच्या टोकावर ओरखडा. त्याचं बिल आमच्या नावावर फाडायचा प्रयत्न झाला; व्हिजिट रिपोर्टवर त्याचीच सही होती म्हणून वाचलो. तेव्हापासून मशिन आणि पॅनल यांच्यामध्ये एक आखूड एपीसी पॅचकॉर्ड कायमचा लावून ठेवलाय. जे काय काढाघाल करायचं ते त्याच्या पलीकडच्या टोकाला. खराब झाला तर तो फेकायचा, मशिनचं पोर्ट नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि 'घेऊ नका' असं म्हणणार होतो. खास राग एक मीटर रिझोल्यूशनचा होता. 20 सेंटीमीटरचा केबल जॉइंट 30 अंशांनी तापला तरी मीटरभराच्या सरासरीत जेमतेम 6 अंश दिसतात. मग हॉटस्पॉट पकडणार कसा? आमच्या एका जुन्या वायरमनने सुचवलं, फायबर जॉइंटवर गुंडाळा. प्रत्येक जॉइंटवर तीन मीटरची गुंडाळी केली, केबलच्या जाडीच्या दहापटीपेक्षा कमी त्रिज्येत न वाकवता. महिन्याभरात आर फेजचा एक जॉइंट लोडबरोबर बाकीच्या दोन फेजपेक्षा वर चढताना स्वच्छ दिसला. शटडाउन घेऊन उघडला तर स्लीव्ह आतून करपलेली, तांब्याचं फेरूल एका बाजूने नीट दाबलंच गेलं नव्हतं आणि काळंनिळं पडलं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर जॉइंट फुटलाच असता. त्या दिवशी मत बदललं.

ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे फायबरमध्ये ठरावीक जागी कोरलेला, एकच तरंगलांबी परत पाठवणारा सेन्सर, का नाही, असं विचारतात. जॉइंट मोजकेच असतील तर जरूर घ्या. फक्त ग्रेटिंगला ताणही कळतो: 1550 नॅनोमीटरला एका अंशाने ती तरंगलांबी साधारण 10 पिकोमीटर सरकते, एका मायक्रोस्ट्रेनने (लांबीत दहा लाखांत एक भाग ताण) 1.2. केबल ओढली गेली तरी तापमान वाढल्यासारखं दिसेल. रामनला ताणाचं सोयरसुतक नाही.

राहिला पायरीवरचा कायमचा इलाज. केबलमधले दोन कोर (फायबर) लांबच्या टोकाला एकमेकांना स्प्लाइस करून, म्हणजे कायमचे सांधून, लूप करायचा आणि दोन्हीकडून मोजायचं; मग मधल्या जोडांचा लॉस हिशोबातून कटतो. आकडे जरा जास्त हलतात, सरासरीला वेळ जास्त लागतो, पण चालतं. केबलमध्ये कोर रिकामे होते आणि दुसरं चॅनल पडून होतं, म्हणजे खर्च स्प्लाइसपुरता. तर कळलं की दोन्हीकडून मोजायचा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद आहे आणि किल्लीचे पैसे वेगळे! हार्डवेअर आमचं, फायबर आमचं, आणि भागाकार करायला लायसन्स. शेवटी दोन्ही चॅनलचा कच्चा डेटा एक्सपोर्ट करून आमच्याच मुलीने, म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशनच्या ट्रेनीने, छोटा प्रोग्राम लिहिला. अलार्म अजून मशिनच्याच आकड्यांवर आहेत, तपासणीला तिचा आलेख.

एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, नूतनीकरणाचा कागद टेबलावर आहे. त्यात 'कनेक्टर व पॅचकॉर्ड वगळून' असं छापलंय. ती ओळ खोडल्याशिवाय सही करणार नाही असं कळवलंय, उत्तर यायचंय.