शाळा कोणाची: हेडमास्तरांची की समितीची?

जिल्हा परिषदेच्या शाळेत कारभाराच्या दोन तऱ्हा दिसतात.

पहिली जुनी. सगळे हेडमास्तरांच्या टेबलावरून चालते आणि हेडमास्तरांचे लक्ष साहेबांच्या गाडीकडे. तपासणी आली की भिंती रंगतात, फळ्यावर सुविचार येतो, शेरेबुक पुसून पुढे होते. याचा फायदाही आहे: निर्णय झटपट होतो, जबाबदार कोण ते कळते. पण खमक्या हेडमास्तरांची बदली झाली की वर्षभरात शाळा पूर्वपदावर! हे आपण किती गावांत पाहिले?

दुसरी तऱ्हा २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक, निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचे. कागदावर देखणे आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी इतिवृत्त आधी लिहून होते आणि सह्या घरोघरी फिरून गोळा होतात. मजुरीवर जाणाऱ्या आईला सकाळी अकराची बैठक म्हणजे दिवसाचा रोज बुडवणे. बैठक संध्याकाळी ठेवा, हिशेब मोठ्याने वाचा. मग तीच बाई विचारते, "मुलींच्या संडासाला पाणी कुठंय?" हा प्रश्न तपासणीच्या तक्त्यात फक्त 'आहे/नाही' एवढाच असतो.

माझा कौल समितीला. मात्र सचिवाने खुर्ची थोडी मागे सरकवली तरच.