अंगणवाडीचा पालक मेळावा: पाचपैकी साडेतीन

हॉटेलातल्या मिसळीवर लोक चार-चार परिच्छेद लिहितात, आणि ज्या अंगणवाडीत पोरगं रोज जातं तिच्याबद्दल एक ओळ कुठे सापडत नाही. म्हणून आमच्या भागातल्या पालक मेळाव्याबद्दल लिहिते आहे. माझी हयात बालवाडीत गेली, त्यामुळे नजर जरा खडूस आहे, हे धरून चाला.

मेळावा शून्य ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी असतो. राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवेने युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेला सोबत घेऊन ‘आरंभ’ हा कार्यक्रम आखला, त्यातलाच हा भाग. भाषण नसतं, हे पहिलं सुख. अंगणात सतरंज्या टाकून कोपरे मांडले होते. एकीकडे आरसा, एकीकडे परातीत ज्वारी आणि वाट्या, डाळ भरलेल्या बाटल्यांचे खुळखुळे, रिकामे डबे आणि त्यांची झाकणं, ओढणीखाली लपवलेला चेंडू. विकत आणलेलं एकही खेळणं नाही. मोठ्या माणसाने पोराला घेऊन एकेका कोपऱ्यात मांडी घालून बसायचं, एवढंच.

नातू सुनेबरोबर आरशाकडे गेला आणि मी भिंतीला टेकून बाकीच्यांना न्याहाळत बसले. झाकणांपाशी एक आई लेकीचा हात धरून झाकण डब्यावर बसवत होती. “असं नाही गं, असं. बघ, बसलं की नाही?” झाकण बसलं आणि पोरगी उठून चालू लागली. काम आईनेच उरकलं, मग ती कशाला थांबेल? शेजारी परातीजवळ एक बाप, बहुधा रात्रपाळी करून आलेला, जांभया देत या वाटीतली ज्वारी त्या वाटीत ओतत होता. शिकवायचं वगैरे त्याच्या मनातच नव्हतं. पोरगा आधी नुसता बघत राहिला, मग त्यानेही एक वाटी उचलली. थोड्या वेळाने म्हणतो, “पप्पा, तुझी सांडली!” बापाने मुद्दाम आणखी सांडली. पोर खिदळलं. मग हाच खेळ. मदतनीस मावशी केरसुणी घेऊन आल्या आणि हसून परत गेल्या.

सेविका हुशार निघाली. झाकणवाल्या आईला तिने चारचौघांत काही सुनावलं नाही. हळूच जवळ बसून म्हणाली, “ताई, लेकीने काही उचललं की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, मग बोला.” आई मोजायला लागली, ओठ हलताना दिसत होते. तेवढ्यात पोरीने झाकण स्वतःच उलटं करून बघितलं, सुलटं केलं, आणि मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं. बालवाडीत आम्ही हेच हेरायचो. मूल आधी वस्तूकडे बघतं आणि मग आपल्या माणसाकडे, ‘तुला दिसलं का?’ म्हणून. त्या वेळी आपलं माणूस मोबाइलात असेल, तर ते एकदा वाट बघतं, दोनदा बघतं, आणि पुढे मान वर करायचंच सोडून देतं. मेळाव्यात दोन्ही तऱ्हा बघायला मिळाल्या.

आज्यांबद्दलही लिहायला हवं, माझ्यासकट. सेविकेने बाळाला नाव विचारलं की उत्तर आजी देते. पोराने खुळखुळा टाकला की पोर वाकायच्या आत आजी वाकते, गुडघे दुखत असले तरी. आमच्या गुडघ्यांपेक्षा त्या पोराला वाकायची गरज जास्त आहे.

आता दीड गुण कुठे कापला ते सांगते. वजनकाटा खेळाच्या अगदी मध्येच ठेवला होता. वजन करायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण आकडा मोठ्याने वाचला, आणि मग बायकांचं सुरू, “तुझ्याचं किती भरलं?” जिच्या बाळाचं कमी भरलं, ती मग खेळायची थांबलीच, नुसती बिस्किटं भरवत बसली. काटा आत खोलीत ठेवा आणि आकडा फक्त आईला सांगा. दुसरं म्हणजे वेळ. कामाच्या दिवशी सकाळी अकराला बाप येणार कुठून? रात्रपाळीवाला आला, बाकीचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फोटोंचंही अती झालं. रंगात आलेला खेळ थांबवून सगळ्यांना फलकापुढे उभं केलं, आणि तान्ही रडायला लागली. पण सेविकेला बोल लावणार नाही. नोंदी, आहार, गृहभेटी, सगळं एकाच बाईच्या गळ्यात.

ज्यांना हे सरकारी सोपस्कार वाटतात त्यांच्यासाठी थोडं मागचं. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे जवळच्याच कोसबाडला त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी, आदिवासी पाड्यावरची पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची अंगणवाड्यांची योजना, म्हणजे हीच एकात्मिक बालविकास सेवा, आली ती नंतर, २ ऑक्टोबर १९७५ला. सतरंजीवर ज्वारी सांडून बसलेला बाप ताराबाईंना नक्की आवडला असता.

खिचडी बरी होती, मीठ कमी.

जाणार असाल तर पोराला खायला घालून न्या, भुकेलं पोर कुठल्याच कोपऱ्यात टिकत नाही. चांगले कपडे घालू नका, पाण्याचाही एक कोपरा असतो. सगळे कोपरे फिरलेच पाहिजेत असंही नाही. आमचा नातू पूर्ण वेळ आरशापुढे बसून स्वतःला जीभ दाखवत होता. आणि शक्य असेल तर घरातल्या पुरुषाला पाठवा. तेवढा वेळ बाईमाणसाला घरी चहा निवांत पिता येईल, तो फायदा मी गुणांत धरलेला नाही.